वरळीत उतरलेला नवरंग : ओळख, काळजी आणि सुटका

नवरंग हा जंगलाच्या जमिनीवर वावरणारा पक्षी असला, तरी मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जूनच्या मध्यापर्यंत तो मुंबईच्या दाट वस्तीतही आढळतो, आणि वस्तीत आढळतो तेव्हा बहुधा तो थकलेला, काचेवर आपटलेला किंवा कावळ्यांनी घेरलेला असतो. वरळीच्या बीडीडी चाळींचा परिसर याला अपवाद मानण्याचे कारण नाही. एका बाजूला समुद्र, मध्ये जांबोरी मैदानाची मोकळी जागा, चाळींमधल्या पट्ट्यांत उरलेली जुनी झाडे आणि आता त्या झाडांच्या कितीतरी वर गेलेले चाळीस मजली मनोरे, अशी या भागाची रचना असल्याने रात्रीच्या प्रवासातून खाली उतरणाऱ्या पक्ष्याला तेथे थोडा आसरा आणि बराच धोका, असे दोन्ही मिळते. पक्षी सापडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत माणसांनी काय केले, आणि त्याहीपेक्षा काय करायचे टाळले, यावर त्याचे जगणे अवलंबून असते. चाळीत मदतीला धावून येणाऱ्यांची कधीच वाण नसते; परंतु नवरंगाच्या बाबतीत दाणापाणी, कुरवाळणे आणि गर्दी यांनी मदत होत नाही, इजाच होते, म्हणून पुढील विवेचनात पक्ष्याची ओळख आवश्यक तेवढीच देऊन प्रत्यक्ष कृती सविस्तर मांडली आहे.

नवरंग साळुंकीपेक्षा लहान, साधारण १९ सेंटीमीटर लांबीचा आणि ५० ते ६० ग्रॅम वजनाचा असतो. पाठ हिरवी, खांद्यावर आणि शेपटीच्या मुळाशी चकचकीत निळा पट्टा, छाती व पोट पिवळसर बदामी, गळा पांढरा, शेपटीखालचा भाग लालभडक, बदामी डोक्याच्या मधोमध एक काळी रेघ आणि डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेला दुसरा रुंद काळा पट्टा, एवढे रंग एका मुठीएवढ्या अंगावर असूनही पाचोळ्यात स्थिर उभा राहिलेला नवरंग सहजासहजी दिसत नाही. शेपटी इतकी आखूड असते की ती पंखांच्या टोकांआड जवळजवळ लपते, पाय मात्र लांब व मजबूत असतात, आणि पक्षी चालण्याऐवजी टुणटुण उड्या मारत पुढे सरकतो. नर व मादी दिसायला सारखेच असतात. उडताना काळ्या पंखांवर पांढरा ठिपका उमटतो. एरवी तो दिसत नाही.

वस्तीत सापडलेल्या नवरंगाला बहुतेक वेळा ‘किंगफिशर’ समजले जाते, कारण निळा रंग पाहिला की तेच नाव तोंडी येते. किंगफिशरची, म्हणजे खंड्याची, चोच लांबलचक व भाल्यासारखी, पाय अगदी तोकडे आणि बसण्याची जागा तारेवर किंवा फांदीवर असते. नवरंगाची चोच मध्यम, पाय उंच आणि वावर जमिनीवर असतो. याच दिवसांत कोकणात येणारा तिबोटी खंड्या हाही काचांवर आपटून सापडतो. तो नवरंगाहून बराच लहान, जांभळट-नारिंगी अंगाचा आणि प्रत्येक पायाला तीनच बोटे असलेला असतो. नारिंगी डोक्याचा कस्तुर हा तिसरा संभ्रम निर्माण करणारा पक्षी. तोही जमिनीवरचा पाचोळा उलथून किडे खातो, पण त्याची पाठ निळसर राखाडी आणि शेपटी चांगली लांब असते. ओळख नक्की होईना म्हणून काळजी घेण्यात उशीर करू नये, कारण पहिल्या तासातली कृती या सर्व पक्ष्यांसाठी सारखीच आहे.

नवरंगाच्या कुळात चाळीसहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक आग्नेय आशियातील उष्णकटिबंधीय वर्षावनांत, म्हणजे वर्षभर भरपूर पाऊस पडणाऱ्या सदाहरित जंगलांत, तळाच्या अंधुक उजेडात राहतात. भारतात नवरंगाखेरीज या कुळातील काही जाती ईशान्येकडील जंगलांत आणि पूर्व किनाऱ्यावरील खारफुटीत आढळतात. महाराष्ट्रात मात्र नियमाने येणारा एकटा नवरंगच. लिनियस या शास्त्रज्ञाने १७६६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा त्याला कावळ्याच्या प्रजातीत घातले होते, ते वर्गीकरण पुढे बदलले. त्याला सर्रास गाणारा पक्षी म्हटले जाते. मात्र काटेकोर शास्त्रीय अर्थाने पाहता दयाळ किंवा कस्तुर यांच्यासारखे खरे गायक पक्षी आपले गाणे वडीलधाऱ्या पक्ष्यांकडून ऐकून शिकतात, तर नवरंग ज्या शाखेत मोडतो त्या शाखेतील पक्ष्यांचे स्वर बहुतांशी उपजत असतात. पहाटे व संध्याकाळी, साधारण सहाच्या सुमारास, डोके मागे टाकून तो दोन स्वरांची खणखणीत शीळ घालतो आणि एकाने सुरुवात केली की आसपासचे दुसरे नवरंग त्याला उत्तर देतात. ही शीळ हद्द सांगण्यासाठी असते. या माहितीचा व्यवहारातला उपयोग असा की, खोक्यात ठेवलेल्या घाबरलेल्या नवरंगाला बरे वाटावे म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज ऐकवणे पूर्णपणे चुकीचे आहे, कारण त्याच्या दृष्टीने तो प्रतिस्पर्ध्याचा आवाज असतो.

हा पक्षी हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. उन्हाळ्याच्या अखेरीस तो उत्तरेकडे निघतो आणि सह्याद्रीचा उत्तर भाग, मध्य भारतातील डोंगराळ जंगले व हिमालयाचा पायथा येथे पावसाळ्यात वीण घालतो, कारण जमीन भिजली की गांडुळे, वाळवी, भुंगेरे आणि अळ्या वर येतात व पिलांना तोच आहार लागतो. काटक्या, गवत आणि वाळकी पाने यांचे गोल, बाजूला तोंड असलेले घरटे तो जमिनीवर किंवा खालच्या फांद्यांत बांधतो. हा सारा प्रवास प्रामुख्याने रात्री होतो. मुंबईत नैऋत्य मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते, आणि नवरंगाचे आगमन त्याच्या थोडे आधी, वळवाच्या ढगाळ रात्रींत होते. ढग खाली आले की रात्री उडणारे पक्षीही खाली येतात, तेजस्वी दिव्यांकडे ओढले जातात, त्यांच्याभोवती घिरट्या घालत शक्ती गमावतात आणि पहाटे जेथे बळ संपेल तेथे उतरतात. तेथे झाडी आहे की सिमेंटचा चौक, हे निवडण्याची सवड त्यांना उरलेली नसते.

चाळीत उतरलेल्या नवरंगाला तीन शत्रू असतात आणि त्यांचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे : पहिले कावळे, दुसरी मांजरे, तिसरी गर्दी. उजाडताच कावळ्यांचा कालवा एखाद्या कोपऱ्यात एकवटला असेल, ते जमिनीकडे पाहून झेप घेत असतील, तर तेथे जाऊन पाहावे. पक्षी उघड्यावर बसलेला दिसला की लगेच हात घालू नये. प्रथम एका माणसाने जवळ उभे राहून कावळ्यांना दूर ठेवावे, मांजर असल्यास हुसकावावे आणि मुलांना मागे घ्यावे. पुष्कळ वेळा पक्षी केवळ दमलेला असतो आणि झुडपाखाली सावलीत बसून दोन-तीन तासांत आपोआप सावरतो. त्याच्या अगदी जवळ झुडूप किंवा कुंड्यांची रांग असेल आणि तो उड्या मारत तेथे जात असेल, तर त्याला जाऊ द्यावे व दुरून राखण करावी. हात न लावता जे साधते ते हात लावून साधण्यापेक्षा नेहमीच चांगले.

पक्षी इमारतीत शिरला असेल तर गोष्ट वेगळी. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या १९२० साली स्थापन झालेल्या खात्याने बांधलेल्या वरळीतील १२१ चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या असून एकेका मजल्यावर सुमारे १६० चौरस फुटांच्या वीस खोल्या व त्यांच्या मधून जाणारा लांब पॅसेज, अशी त्यांची रचना आहे. या पॅसेजमध्ये शिरलेल्या पक्ष्याला आकाश दिसत नाही आणि तो छताशी असलेल्या ट्यूबलाइटकडे पुन्हा पुन्हा झेपावतो. अशा वेळी पॅसेजमधील सर्व दिवे बंद करावेत, खोल्यांची दारे लावून घ्यावीत आणि ज्या टोकाला बाहेरचा उजेड दिसतो ते टोक पूर्ण मोकळे ठेवून माणसांनी दुसऱ्या टोकाला शांत उभे राहावे. उजेडाची एकच वाट उरली की पक्षी त्या वाटेने जातो. तो खोलीत शिरला असेल तर सर्वांत पहिले काम छताचा पंखा बंद करणे, कारण घरात शिरलेल्या पक्ष्याला पंख्याच्या पात्याइतका मोठा धोका दुसरा नाही. त्यानंतर शेगडी विझवावी, लोखंडी कपाटाच्या आरशावर चादर टाकावी, दिवे घालवावेत, एक खिडकी सताड उघडून बाकीच्यांवर पडदे ओढावेत आणि घरातल्यांनी पंधरा-वीस मिनिटे बाहेर थांबावे. झाडू, टॉवेल किंवा काठी फिरवून त्याला हाकलू नये. पोटमाळ्यावरच्या सामानात तो दडून बसला तर सामान ओढू नये. अंधार करून उजेडाची वाट दाखवणे हाच उपाय तेथेही लागू पडतो.

पक्षी जागचा हलत नसेल, एका कुशीवर कलला असेल किंवा काचेवर आपटून पडताना कोणी पाहिले असेल, तर मात्र त्याला उचलणे आवश्यक ठरते. त्यासाठी आधी खोका तयार ठेवावा आणि मग पक्षी उचलावा, कारण पक्षी हातात घेऊन खोका शोधत फिरण्यातच बराच वेळ जातो. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका पुरेसा असतो. त्याच्या बाजूंना पेन्सिलीच्या जाडीची आठ-दहा भोके बाहेरून आत पाडावीत, आतल्या बाजूला राहिलेली खरबरीत टोके दाबून घ्यावीत, तळाला जुन्या सुती कापडाची घडी अंथरावी म्हणजे पाय घसरणार नाहीत, आणि झाकणावर सुतळी बांधावी. दोरे निघालेला टॉवेल वापरू नये. बोटे व नख्या त्यात अडकतात. पिंजरा तर कदापि वापरू नये, कारण उजेड दिसताच पक्षी गजांवर धडका घेतो, त्याची पिसे मोडतात आणि कपाळ रक्तबंबाळ होते.

उचलताना पातळ सुती फडके पक्ष्यावर अलगद टाकावे, डोळे झाकले गेले की तो बराचसा शांत होतो, आणि मग दोन्ही पंख अंगाशी मिटलेले राहतील अशा रीतीने दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यावे. मूठ आवळू नये. माणसाच्या छातीखाली श्वासपटल नावाचा जो स्नायूंचा पडदा असतो तसा पक्ष्यांना नसतो. त्यांच्या छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच हवा आत-बाहेर होते, त्यामुळे ‘निसटू नये’ म्हणून घट्ट धरलेला पक्षी नकळत गुदमरून मरू शकतो. खोक्यात ठेवण्यापूर्वीच्या काही क्षणांत तीन गोष्टी पाहून घ्याव्यात : एखादा पंख दुसऱ्यापेक्षा खाली लोंबतो आहे का, कोठे रक्त किंवा दाताची खूण आहे का, आणि छातीच्या मध्यभागी असलेले हाड बोटाला धारदार लागते का. चांगल्या खाल्लेल्या पक्ष्याच्या त्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले असते; ते सुरीच्या पात्यासारखे लागले तर पक्षी प्रवासात अंगातली सारी चरबी आणि स्नायूंचा काही भागही वापरून बसला आहे असे समजावे. असा पक्षी डोळे उघडे ठेवून ताठ उभा राहिला तरी त्याला लगेच सोडू नये.

खोका बंद केल्यावर तो सावलीत, शांत आणि हवेशीर जागी ठेवावा. परदेशी पुस्तकांत जखमी पक्ष्याला ऊब द्यावी असे सांगितलेले असते, ते थंड हवेच्या प्रदेशात योग्य आहे; मुंबईच्या मे महिन्यातल्या दमट उकाड्यात गरम पाण्याची बाटली किंवा दिवा खोक्याजवळ ठेवला तर पक्षी उष्म्यानेच मरेल. चोच उघडी टाकून तो धापा टाकत असेल तर खोका अधिक गार कोपऱ्यात न्यावा, मात्र पंख्याच्या किंवा एसीच्या थेट झोतात ठेवू नये. पावसात भिजलेल्या पक्ष्याला कोरड्या कापडावर ठेवणे पुरेसे आहे, केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये. टीव्ही बंद करावा, खोका दर दहा मिनिटांनी उघडून पाहू नये, आणि फोटो काढायचाच असेल तर फ्लॅश न वापरता एकदाच काढावा. काळोख आणि शांतता हेच या अवस्थेतले औषध आहे, कारण धक्का बसलेल्या पक्ष्याला खरा धोका इजेइतकाच भीतीने वाढलेल्या हृदयाच्या ठोक्यांचाही असतो.

पाण्याविषयी विशेष आग्रहाने सांगणे भाग आहे. दमलेल्या जिवाच्या तोंडात पाण्याचे दोन थेंब घालणे ही चाळीतल्या कोणाही माणसाची पहिली, आणि मनापासूनची, कृती असते. परंतु पक्ष्याची चोच उघडून पाहिली तर जिभेच्या मुळाशीच एक बारीक फट उघडमीट करताना दिसते; ती श्वासनलिकेचे तोंड असते. ड्रॉपरने, चमच्याने किंवा कापसाने सोडलेले पाणी अर्धवट शुद्धीतल्या पक्ष्याच्या त्या फटीतून फुप्फुसांकडे जाते आणि दिसायला पाणी प्यायलेला पक्षी थोड्याच वेळात मरतो. म्हणून तोंडात पाणी घालू नये. पक्षी दोन्ही पायांवर नीट उभा असेल आणि मदत पोहोचायला बराच उशीर असेल, तर बाटलीच्या उथळ झाकणात पाणी खोक्याच्या कोपऱ्यात ठेवावे. प्यायचे असेल तर तो स्वतः पितो. भात, पाव, बिस्किट, डाळ आणि दूध यांपैकी काहीही देऊ नये. नवरंग किडे व गांडुळे खाणारा पक्षी आहे, धान्य त्याच्या कामाचे नाही, आणि दूध पचवण्याची क्षमता कोणत्याच पक्ष्यात नसते.

पुढील लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय न करता थेट तज्ज्ञांकडे जावे : लोंबता पंख, वाहते रक्त, एका बाजूला वळलेली मान, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या असणे, धारदार छाती, आणि मांजराने तोंडात धरले असल्याची शंका. मांजराच्या बाबतीत जखम दिसत नसली तरी वाट पाहू नये, कारण मांजराच्या दातांवरचे जंतू बारीकशा छिद्रातून पक्ष्याच्या रक्तात जातात आणि वेळीच प्रतिजैविक मिळाले नाही तर पक्षी दोन-तीन दिवसांत दगावतो. महाराष्ट्र वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी अशा वेळी प्रथम वापरावी. क्रमांक सोपा असल्याने चाळीच्या फलकावर आणि वॉचमनच्या केबिनमध्ये तो लिहून ठेवणे हितावह आहे. वरळीहून जवळची जुनी व मोठी संस्था म्हणजे परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय. तेथे पक्षी नेताना खोका मांडीवर घट्ट धरून, रेडिओ बंद ठेवून टॅक्सीने जावे, दुचाकीच्या डिक्कीत खोका ठेवू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार वन्य पक्षी पकडणे, विकणे किंवा घरात पाळणे हा गुन्हा आहे. जखमी पक्ष्याला मदतीसाठी तात्पुरते ठेवण्यामागचा हेतू स्पष्ट राहावा म्हणून त्याच दिवशी वन विभागाला कळवणे केव्हाही श्रेयस्कर, आणि ‘बरा होईपर्यंत राहू द्या’ असे म्हणत आठवडा काढणे पक्ष्याच्या दृष्टीनेही घातक आहे, कारण त्याला रोज लागणारे जिवंत किडे घरात पुरवता येत नाहीत. पक्षी हाताळल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

केवळ दमलेला किंवा काचेने गरगरलेला पक्षी एक ते दोन तासांत सावरतो. खोक्यातून पाय आपटण्याचा, पंख फडफडवण्याचा आवाज येऊ लागला की तो तयार झाला असे समजावे. सोडण्यासाठी गच्ची ही सर्वांत वाईट जागा. उंचावरून हवेत भिरकावलेला नवरंग घारी-कावळ्यांच्या तोंडी सापडतो आणि पंखात बळ नसेल तर सरळ खाली कोसळतो. त्याचे घर जमीन आहे, म्हणून त्याला जमिनीवरच सोडावे. माती, पाचोळा आणि दाट झुडूप असलेली बागेची कड निवडावी, कावळे व मांजरे आसपास नाहीत हे पाहावे, खोका कुशीवर आडवा ठेवून झाकण काढावे आणि पाच-सात मीटर मागे सरावे. दोन मिनिटांत पक्षी निघाला नाही तरी खोका हलवू नये. सकाळचा पहिला प्रहर यासाठी उत्तम, कारण पुढे दिवसभर त्याला खायला वेळ मिळतो. संध्याकाळी उशिरा सापडलेला, पण धडधाकट दिसणारा पक्षी रात्रभर खोक्यातच अंधारात ठेवून पहाटे सोडणे चालते. वरळीत योग्य जागा मिळत नसेल तर वन विभागाच्या कर्मचाऱ्यांकडे तो सुपूर्द करावा. त्याला स्वतःच्या जबाबदारीवर कर्नाळ्याच्या किंवा बोरिवलीच्या जंगलात घेऊन जाण्याचा उत्साह आवरावा, कारण गाडीतले दोन तास त्याला बरेच महागात पडतात.

सुटका झालेला नवरंग पोटासाठी काय करतो, हे एकदा शांतपणे पाहिल्यावर वस्तीच्या आवारात काय असायला हवे ते वेगळे सांगावे लागत नाही. तो पाचोळ्यावर दोन उड्या मारतो, थांबतो, चोचीने एक पान उचलून बाजूला फेकतो, ओलसर मातीकडे मान तिरकी करून क्षणभर पाहतो आणि तेथून अळी किंवा गांडूळ ओढून काढतो. पुन्हा दोन उड्या, पुन्हा एक पान. झाडून स्वच्छ केलेल्या फरशीवर किंवा कापलेल्या हिरवळीवर त्याला यातले काहीच करता येत नाही. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत होत असून वरळीतील पहिल्या दोन मनोऱ्यांतील ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जाणे हे पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिलेल्या कुटुंबांचे हक्काचे सुख आहे, आणि त्या सुखाशी नवरंगाचा कोणताही विरोध नाही. प्रश्न एवढाच आहे की, नव्या गृहनिर्माण संस्था आवाराचे नियम ठरवताना झाडांखालची काही माती मोकळी ठेवतील की नाही. झाडाच्या बुंध्याभोवती निदान मीटरभर पेव्हर ब्लॉक घालू नयेत. कुंपणाच्या कडेला अडुळसा, कुंती, कढीपत्ता, कुडा अशा झुडपांची दाट रांग लावावी. तिच्याखाली गळलेली पाने जाळू किंवा पिशव्यांत भरू नयेत, तेथेच राहू द्यावीत. आणि त्या पट्ट्यात कीटकनाशक फवारू नये. पाचोळ्याने डास होतात ही समजूत सर्वत्र आहे, परंतु डासांना साचलेले पाणी लागते, म्हणजे कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर आणि ताडपत्रीच्या घड्या. उंदरांनाही पाने नकोत, उष्टे हवे असते. माळीकाम पाहणाऱ्या ठेकेदाराला हा पट्टा न झाडण्याची लेखी सूचना दिली नाही, तर पहिल्याच सकाळी तो लख्ख झाडला जाईल, हेही ध्यानात ठेवावे.

दिव्यांचा प्रश्न मातीच्या प्रश्नाहून सोपा आहे, कारण त्याला खर्च येत नाही, उलट वाचतो. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आकाशात सोडल्या जाणाऱ्या प्रकाशझोतांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सात वर्षांतल्या सात रात्रींत मिळून सुमारे अकरा लाख पक्ष्यांच्या प्रवासावर त्या झोतांचा परिणाम झाल्याचा अंदाज त्यात मांडला होता, आणि झोत बंद करताच पक्षी काही मिनिटांत पांगून आपल्या वाटेला लागले असेही आढळले होते. शिकागोमध्ये ऑक्टोबर २०२३ मधील एका रात्री एकाच प्रदर्शन केंद्राच्या काचांवर आपटून जवळपास एक हजार पक्षी मेले, त्यानंतर त्या काचांवर ठिपक्यांचा थर बसवण्यात आला. दिवे बंद ठेवणे मुंबईतही करता येण्यासारखे आहे. १५ मे ते २० जून आणि परतीच्या प्रवासासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात रात्री अकरानंतर इमारतीच्या दर्शनी भागावरची शोभेची रोषणाई आणि गच्चीवरचे फ्लडलाइट बंद ठेवावेत. जिने, वाहनतळ व प्रवेशद्वार यांसाठी खाली तोंड केलेले, वरून झाकलेले दिवे वापरावेत. विमानांसाठी सक्तीचे असलेले लाल दिवे अर्थातच तसेच राहतील. परतीचा काळ गणेशोत्सव व नवरात्राशी जुळतो, त्यामुळे मंडळांनी मंडपाची रोषणाई कमी करावी असे कोणी म्हणणार नाही, मात्र आकाशात फिरणाऱ्या ‘शार्पी’ दिव्यांचा मोह मंडळांनी टाळला तर अनेक पक्ष्यांचा रस्ता मोकळा राहील.

काचांबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. काचेवर ससाण्याच्या आकृतीचा एकच मोठा स्टिकर लावला की पक्षी घाबरून दूर राहतात, असे मानले जाते. प्रत्यक्षात पक्षी त्या आकृतीला चुकवून तिच्या शेजारच्या काचेवर आपटतात, कारण काचेत दिसणारे झाडांचे प्रतिबिंब त्यांना खरे झाड वाटते. उपयोगी पडतात ते सबंध काचेवर, बाहेरच्या बाजूने, साधारण पाच-पाच सेंटीमीटर अंतरावर लावलेले ठिपके किंवा उभ्या रेघा. तळमजल्याची लॉबी, जिन्याची काच आणि बागेसमोरचे पहिले तीन-चार मजले यांवर ते लावले तरी बराच फरक पडतो. जुन्या चाळींच्या लाकडी खिडक्यांत हा प्रश्न जवळजवळ नव्हताच.

नवरंग सुखरूप अवस्थेत पाहायचा आणि ऐकायचा असेल, तर जूनच्या पहिल्या पावसानंतर पहाटे पनवेलजवळच्या कर्नाळा पक्षी अभयारण्यात किंवा बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जावे. वाटेवर उभे राहून शीळ ऐकावी, पाचोळ्यातली हालचाल शोधावी. रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून त्याला बोलावू नये आणि फोटोसाठी अळ्या टाकून आमिषही दाखवू नये, कारण विणीच्या दिवसांत नर आपली हद्द सोडून त्या आवाजामागे धावतो व घरटे उघडे पडते.

वस्तीत सापडलेल्या प्रत्येक नवरंगाची, जिवंत असो वा मेलेला, नोंद ठेवावी. तारीख, वेळ, इमारतीचा क्रमांक, मजला, आदल्या रात्री पाऊस किंवा ढग होते का, जवळ कोणता दिवा किंवा काच होती आणि पुढे पक्ष्याचे काय झाले, एवढे चाळ कमिटीच्या वहीत लिहिले आणि ई-बर्डसारख्या खुल्या नोंदवहीत फोटोसह भरले, तर चार-पाच वर्षांत कोणती इमारत आणि कोणता दिवा धोक्याचा आहे ते निश्चितपणे सांगता येईल. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाच्या धातूच्या कड्या घालून त्यांचे प्रवास शोधण्याचे काम अनेक दशके केले आहे, म्हणून उचललेल्या प्रत्येक पक्ष्याच्या दोन्ही पायांकडे एकदा पाहावे. कडी असेल तर ती काढू नये, तिच्यावरचा क्रमांक व अक्षरे जशीच्या तशी उतरवून, शक्य तर तिचा जवळून फोटो घेऊन, संस्थेच्या फोर्टमधील हॉर्नबिल हाऊस या कार्यालयात कळवावे.